मृत्युपत्र की इच्छापत्र?

प्रश्न

काकांच्या कपाटात एक बंद लिफाफा सापडला. वर त्यांच्याच अक्षरात ‘इच्छापत्र’. घराचं, शेताचं काही लिहून ठेवलं असेल म्हणून तेराव्याला सगळे बसले आणि फोडला. आत एकच पान होतं : ‘बरं होण्याची आशा नसेल तर मला व्हेंटिलेटरवर ठेवू नये.’ शेवटचे नऊ दिवस ते व्हेंटिलेटरवरच होते.

वकील दोन्ही कागदांना ‘विल’ म्हणतात. मराठीत ते वेगळे ओळखायचे कसे? आणि ‘मृत्युपत्र’ बरोबर की ‘मृत्यूपत्र’?

प्रतिसाद १

आधी सोपं. मृत्यू एकटा असताना दीर्घ, समासात गेला की ऱ्हस्व : मृत्युपत्र, मृत्युदंड. गुरू आणि गुरुवार, तसंच.

‘इच्छापत्र’ हा माझ्या मते भिडेचा शब्द. आपण बांगडी फुटली म्हणत नाही, वाढवली म्हणतो. निघताना जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. माझी आत्या तर ‘ते कागद’ एवढंच म्हणायची. अशा घरात धडधाकट माणसापुढे ‘मृत्युपत्र’ कोण उच्चारणार? आजवर त्यात काही बिघडत नव्हतं, कारण कागद एकच होता.

प्रतिसाद २

तो एकच राहिला नाही, गोंधळ तिथेच आहे. मालमत्तेच्या कागदाला १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा लागतो. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार हवेत. मुद्रांक लागत नाही, नोंदणीही सक्तीची नाही. हा कागद माणूस गेल्यावरच बोलतो.

दुसऱ्या, उपचारांविषयीच्या कागदाला सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ ला मान्यता दिली. तेव्हा त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागायची, त्यामुळे फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपल्याला बोलता येईनासं झालं तर निर्णय कोणी घ्यायचा, त्यांची नावं त्यात घालतात. हा कागद जिवंतपणीच वाचला गेला पाहिजे. म्हणून प्रती त्या माणसांकडे आणि नेहमीच्या डॉक्टरांकडे द्यायच्या असतात, कपाटात नाही. तुमच्या काकांच्या कागदावर साक्षीदार होते का ठाऊक नाही, पण असते तरी लिफाफ्यात त्यांचा काय उपयोग?

वर्तमानपत्रं त्याला ‘जिवंत इच्छापत्र’ म्हणतात. इच्छापत्र जिवंत कसं असेल? मी ‘वैद्यकीय इच्छापत्र’ म्हणतो आणि मालमत्तेसाठी सरळ ‘मृत्युपत्र’. भीड ठेवायची तर बोलण्यात ठेवा, लिफाफ्यावर नको.

प्रतिसाद ३

थोडं अवांतर. पॉवर ऑफ अटर्नीला ‘कुळमुखत्यारपत्र’ लिहू नका. ते ‘कुल’ आहे, म्हणजे सगळं. कूळ-वहिवाटीशी त्याचा संबंध नाही. आणि देणारा गेला की तो अधिकारही संपतो. आमच्या मामांना हे पटवताना नाकीनऊ आले. आजी गेल्यावर दोन महिने ते ‘पॉवर माझ्याकडे आहे’ म्हणत बँकेत चकरा मारत होते.

प्रतिसाद ४

आमच्या गोव्यात शब्द तेच, अर्थ थोडा वेगळा. इथे पोर्तुगीज काळापासूनची वारसापद्धत आहे (आता २०१२ चा कायदा). मुलं असतील तर आपल्या वाट्यातल्या निम्म्याचंच मृत्युपत्र करता येतं, उरलेलं त्यांचं ठरलेलंच. त्यामुळे ‘सगळं धाकट्याच्या नावे केलं’ हे पुण्या-मुंबईचं वाक्य इथे चालत नाही.

प्रश्नकर्ती

आभार. म्हणजे मालमत्तेपुरते काका मृत्युपत्राविनाच गेले. आता बँक ‘वारस दाखला’ मागते, आणि वकील म्हणतात ‘उत्तराधिकार प्रमाणपत्र’ काढा. एकच का?

प्रतिसाद २

नाही. ठेवी, शेअर, येणं यांच्या वसुलीसाठी उत्तराधिकार प्रमाणपत्र, ते १९२५ च्याच कायद्याखाली. वारस दाखला मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या विनियमाखाली, वारस कोण एवढं सांगणारा. दोन्ही दिवाणी न्यायालय देतं. सातबाऱ्यावरची वारसनोंद तिसरीच, तिच्यासाठी तलाठ्याकडे अर्ज. बँकेला नेमकं काय हवं ते लेखी मागा. आणि खात्याला नॉमिनी असला तर पैसे त्याच्या हाती येतील, पण तेवढ्याने तो मालक होत नाही.

प्रश्नकर्ती

नॉमिनी काकूच आहे. ती अजून तो लिफाफा उशाशी घेऊन झोपते.