भुलाबाईचं मखर: ज्वारीचे धांडे मिळत नाहीत, मक्याचे चालतील का?

प्रेषक: वैशाली (सजावट)

सर्वांना नमस्कार,

कोजागिरी तीन आठवड्यांवर आली आणि भुलाबाईच्या (खानदेशातल्या मुलींच्या सणातली पार्वती) मखराचं अजून ठरलेलं नाही. दरवर्षी ज्यांच्याकडून धांडे (ज्वारीची ताटं) येतात त्यांनी यंदा ज्वारी पेरलेलीच नाही. इथे अमेरिकेत शेतावरच्या दुकानांत हॅलोविनसाठी मक्याच्या वाळक्या ताटांच्या पेंढ्या आल्या आहेत. पेंढीत ८-१० ताटं, उंची ६ ते ७ फूट. आपल्याला पाच हवीत, म्हणजे एका पेंढीत काम होतं. मक्याची चालतील का, एवढंच सांगा.

हॉलच्या अटी त्याच: खिळा नाही, चिकटपट्टी नाही, माती नाही, ज्योत नाही. मूर्ती मीनाताईंकडे आहे. कृपया फक्त मखराबद्दल लिहा.

वैशाली

प्रेषक: योगेश

मका कशाला? आमचा भाचा पुढच्या आठवड्यात चोपड्याहून येतोय. पाच धांडे कापून सामानात टाकायला सांगतो. दादरचे चांगले उंच असतात.

प्रेषक: नाना, अमळनेर

बठ्ठासले राम राम.

योगेश, दादर रब्बीची. कोजागिरीला इकडे तिची पेरणी चाललेली असते, धांडा येईल कुठून? मखराला लागते ती खरिपाची ज्वारी. तिचं कणीस या दिवसांत भरलेलं असतं आणि पानं अजून पुरती वाळलेली नसतात, म्हणून तर तिचं मखर शोभतं.

वैशाली, मक्याला माझी ना नाही, पण एक अडचण आहे. ज्वारीचं कणीस शेंड्याला येतं. मक्याचं कणीस पोटाशी, पानाच्या बगलेत. मक्याच्या शेंड्यावर नुसता तुरा असतो, त्यात दाणा धरत नाही. पाच ताटं वर एकत्र बांधली की जिथे कणसांचा झुबका दिसायचा तिथे काटक्या दिसतील. भुलाबाईच्या डोक्यावर दाणा हवा. त्याची सोय करा, मग ताट मक्याचं का असेना.

प्रेषक: हेमंत

धांडे विमानातून आणण्याबद्दल: कृपया नको. झाडपाल्याची कुठलीही वस्तू विमानतळावर जाहीर करावी लागते. दाण्यासकट धांडा तिथले अधिकारी जागेवरच काढून घेतात, न सांगता आणला तर दंड होतो. अट उगाच घातलेली नाही. धांड्याच्या आत खोडकिडा असला तर तो बाहेरून दिसत नाही. भाच्याकडून लाकडी टिपऱ्या मागवा, त्यांची गरज आहेच.

प्रेषक: योगेश

बरं, भाच्याला नाही सांगत. पण ज्वारी इथेही होते की. कॅन्सासात तर सगळ्या अमेरिकेत जास्त.

प्रेषक: हेमंत

होते, पण कमरेएवढी. कापणीच्या यंत्राला सोपी जावी म्हणून ठेंगणं वाण लावतात, ३-४ फुटांचं. मखराला ती पुरत नाही. चाऱ्याची ज्वारी उंच असते, पण ती बहुतेक कणीस भरण्याआधीच कापतात.

प्रेषक: मीनाताई

सजावटीच्या दुकानात ‘ब्रूमकॉर्न’ नावाने जे विकतात ते बघा. नावात कॉर्न असलं तरी तो मका नव्हे, ज्वारीचीच जात आहे. ज्या लांब मोकळ्या कणसाचे झाडू करतात तीच ही. कणसं तांबडी, काळपट, पिवळी अशी मिळतात, दाण्यासकट. ताटं मक्याची घ्या आणि शेंड्याला ही कणसं बांधा. नानांची अडचण सुटते.

बांधताना कणसाचा दांडा १० ते १२ इंच ठेवायचा. मक्याचा तुरा छाटून टाकायचा आणि दांडा ताटाला लगटून दोन ठिकाणी बांधायचा, दोन गाठींत ३ इंच अंतर. एकच गाठ मारली तर कणीस जड असल्यामुळे तोंड फिरवतं आणि फेर धरला की डुलत राहतं.

आणि वैशाली, मूर्ती माझ्याकडे आहे म्हणजे मखराचं माप मला आधी कळायला हवं. मूर्ती ९ इंचांची, खाली १५ इंचांचा चौरंग, त्याची उंची ९ इंच. मखर ठरवून मग मूर्ती कोंबायची असं नको.

प्रेषक: नाना, अमळनेर

मीनाताईंची कणसाची युक्ती उत्तम. आता माप.

ताट ५ फुटांचं कापा. शेंड्यापासून १ फूट खाली पाचही एकत्र बांधा, म्हणजे गाठीखाली ४ फूट राहतं. जमिनीवर दीड फूट त्रिज्येचं वर्तुळ खडूने काढा आणि पाच पाय त्यावर सारख्या अंतरावर लावा. दोन पायांत २१ इंच येतात. गाठ जमिनीपासून ३ फूट ८ इंचांवर राहते. तुमचा चौरंग, त्यावर भुलाबाई-भुलोजी, आणि वरून कणसांची सावली, सगळं मावतं. समोरच्या दोन पायांमधून मूर्ती नीट दिसते. वर्तुळ लहान केलंत तर मखर उंच होतं, पण अरुंद होऊन ढकललं की कलतं. मोठं केलंत तर पाय घसरतात.

गाठ नेहमी कांड्याच्या पेराला (सांध्याला) टेकून मारा. पेरांच्या मधे मारलेली गाठ सरकत खाली येते.

प्रेषक: योगेश

नाना, आमच्याकडे चार कोपऱ्यांना चार धांडे आणि पाचवा आडवा, आढ्यासारखा. पाच एकत्र बांधायची पद्धत मी पाहिलेली नाही.

प्रेषक: मीनाताई

दोन्ही पद्धती आहेत योगेश, पण चौकोनी मखराचे चार पाय सरळ उभे राहतात, त्यांना जमिनीत रोवावं लागतं. अंगणात ठीक. हॉलच्या गुळगुळीत लाकडी जमिनीवर सरळ उभं राहणारं काहीही टिकत नाही. एकमेकांना टेकलेले पाच धांडे आपला भार आपणच पेलतात. इथे नानांचीच पद्धत.

प्रेषक: वैशाली

ठरलं, पाच एकत्र. सुतळी भिजवून बांधायची ना, म्हणजे वाळल्यावर आवळते?

प्रेषक: नाना, अमळनेर

उलटं होतं ताई. ताग पाणी प्याला की फुगतो आणि दोरी आखडते. ओली असताना घट्ट वाटते, वाळली की तिचा जाडपणा उतरतो आणि गाठ सैल पडते. आवळत जातं ते कातडं, सुतळी नव्हे. सुतळी कोरडीच बांधायची.

भिजवायचं ते केळीचं सोपट (खुंटाचं वाळकं साल). ते कोरडं वाकवलं तर तडकतं, म्हणून अर्धा तास पाण्यात ठेवून, फडक्याने टिपून मग वळायचं. रावेर-यावलकडे बांधणीला तेच वापरतात. तुमच्याकडे सोपट मिळणार नाही, तेव्हा सुतळीच घ्या. वरून सोपटासारखं दिसावं असं वाटत असेल तर मक्याच्या कणसावरची वाळकी पानं चिरून गाठीवर गुंडाळा.

आणखी एक. ताट थोडंही ओलं असेल तर आतला गाभा सुकताना आकसतो. आज बांधलेली गाठ चौथ्या दिवशी बोटभर ढिली असते. म्हणून दोनदा बांधायचं: आणल्यावर एकदा, कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुन्हा.

प्रेषक: हेमंत

मग पूर्ण वाळलेलीच आणा, प्रश्नच मिटला.

प्रेषक: मीनाताई

हेमंत, पूर्ण वाळलेलं ताट म्हणजे सरपण. ज्योत नसली तरी स्टेजचे दिवे तापतात, आणि वाळकी पानं हात लागला की चुरा होऊन जमिनीवर पडतात. मग साफसफाईवरून हॉलवाल्यांशी बोलणी. माझं म्हणणं, हिरवी घ्या. शेतवाल्याला सांगितलं तर तो उभ्या पिकातून पाच कापून देतो.

प्रेषक: हेमंत

हिरवी आणून गाडीत प्लास्टिकखाली ठेवली तर दोन दिवसांत बुरशी. हिरवं ताट जडही असतं, मधेच वाकतं.

प्रेषक: नाना, अमळनेर

दोघांचंही अर्धं बरोबर. कार्यक्रमाच्या पाच-सहा दिवस आधी हिरवी कापून घ्या. खालची सगळी पानं बुडाच्या वेष्टनासकट काढा, शेंड्याकडची दोन-तीनच ठेवा. ओल पानांच्या बगलेत साचून राहते, बुरशी तिथूनच धरते. मग गॅरेजमध्ये भिंतीला उभी टेकवा, एकमेकांना चिकटू देऊ नका, प्लास्टिक घालू नका. आडवी ठेवली तर वाळताना कमान धरतात आणि ती कमान नंतर निघत नाही. पाच दिवसांत साल कडक होते, गाभा मऊ राहतो. मखराला हीच अवस्था हवी.

घेताना प्रत्येक ताटावरून बोट फिरवा. मोहरीएवढं भोक आणि त्याभोवती भुसा दिसला तर ते ताट सोडा. आतून पोखरलेलं असतं, गाठ आवळताना तिथेच मोडेल. म्हणून पाच लागत असली तरी सात घ्या.

प्रेषक: वैशाली

खूप उपयोगी. आता पायांचं सांगा. टोमॅटोच्या २८ औंसांच्या रिकाम्या डब्यांत वाळू भरून त्यात एकेक पाय रोवला तर?

प्रेषक: हेमंत

वाळू हॉलवाल्यांच्या मते मातीतच धरली जाते, गणपतीत विचारून झालंय. तांदूळ भरा.

प्रेषक: मीनाताई

तांदूळ वाळूच्या निम्म्या वजनाचा. एका डब्यात वाळू सव्वा किलो मावते, तांदूळ पाऊण किलोही नाही. शिवाय अन्नात पाय रोवलेला मला पटत नाही. मत्स्यपेटीत घालतात ते धुतलेले खडे घ्या. जड असतात, सांडले तरी वेचता येतात.

प्रेषक: नाना, अमळनेर

डबे ठेवा, पण मखर डब्यांच्या जोरावर उभं करू नका. तिरपे पाय बाहेरच्या बाजूला पळायला बघतात, खरा जोर तिथे असतो. त्याला एकच उपाय, तळाशी दोरीचा फेर. जमिनीपासून ४ इंचांवर, पेराला धरून, पाचही पायांना एकच सुतळी फिरवा, प्रत्येक पायाला एक वेढा देऊन. तिथे घेर साधारण आठ फूट भरतो, गाठी-वेढ्यांसकट ११ फूट सुतळी घ्या. समोरच्या दोन पायांमधली सुतळी मूर्तीच्या आड येत नाही, चौरंगाहून खालीच राहते. हा फेर असला की गुळगुळीत जमिनीवरही पाय हलत नाहीत. डबा फक्त मुलांच्या धक्क्यासाठी. डबे ठेवलेत तर फेर डब्याच्या काठावर घ्या.

पाय डब्यात नीट बसत नसेल तर ताटाच्या बुडाला बांबूची काडी गाभ्यात ४ इंच खुपसा आणि तिचं बाहेरचं टोक खड्यांत रोवा. गाभा मऊ असेपर्यंतच हे जमतं.

प्रेषक: शुभदा

गाभ्यावरून सुचलं. ताटं कापल्यावर जे तुकडे उरतात ते टाकू नका. त्यांची साल सोलून गाभ्याच्या बैलगाड्या, पोपट, परड्या करता येतात. प्रत्येक मुलीने स्वतः केलेली एक वस्तू मखराला दोऱ्याने टांगायची. विकतच्या माळांपेक्षा कितीतरी छान, आणि कोणाचा पोपट कुठला हे सगळ्यांना कळतं.

गाभा पूर्ण वाळलेला हवा. ओल्या गाभ्यात सालीची खिळी टोचली तर वाळल्यावर भोक मोठं होतं आणि चाक निखळतं. खिळीसाठी सालीच्या काडीएवढ्या पट्ट्या काढून एक टोक तिरपं कापायचं. ब्लेडचं काम मोठ्यांनी करावं, सालीची धार बोट कापते. चाकाला मक्याचा गाभा बरा, जाड असतो. रंग पाण्याचा नको, गाभा तो शोषतो आणि पिचतो. कोरडं कुंकू किंवा गुलाल बोटाने चोळा.

प्रेषक: मीनाताई

शुभदा, टांगायच्या वस्तू मूर्तीसमोर नकोत, मागच्या तीन ताटांवरच. बाकी कल्पना आवडली.

मूर्तीचं विचारत होते काही जण. दुकानातली हवेत वाळणारी माती आणू नका. तिच्यात कागदाचा लगदा आणि चिकटवणी असते, बादलीत विसर्जन केलं की ती नुसती लिबलिबीत होते. कुंभारकामाची न भाजलेली माती घ्या, ती बादलीत रात्रभरात बसते. २ किलो मातीला मूठभर पिंजलेला कापूस, तंतू सुटे करून मळायचा, तडा धरून ठेवतो. सगळीकडची जाडी इंचाच्या आत ठेवा आणि बैठक खालून पोकरा. जाड भाग सावकाश आकसतो, पातळ भाग लवकर, आणि दोघांच्या सांध्यावर तडा जातो, बहुतेक मानेशी. पहिले दोन दिवस ओलसर फडक्याखाली, हीटरच्या झोतापासून लांब.

रंगाचं एक ध्यानात ठेवा. चुन्याचा हात दिलेल्या मूर्तीवर हळद लावली की ती लाल होते. चेहरा पिवळा हवा असेल तर पिवडी वापरा, किंवा चुन्याऐवजी खडूची भुकटी डिंकाच्या पाण्यात. डोळे सगळ्यात शेवटी, काजळाने.

प्रेषक: शुभदा

खिरापतीचे डबे कोणाकडे आहेत? ओळखायच्या डब्यात यंदा शेंगदाणा आहे का हे ज्या मुलांना त्रास होतो त्यांच्या आयांना आधी सांगायला हवं. डब्यावर लिहिलं तर ओळखण्यात काही उरत नाही.

प्रेषक: वैशाली

शुभदा, आयांना दाराशी हळूच सांगू, डब्यावर काही नको.

कार्यक्रमाच्या पाच-सहा दिवस आधीच्या शनिवारी सकाळी ९ वाजता शेतावर जाते, सात ताटं हिरवी कापून आणते. ब्रूमकॉर्नच्या दोन जुड्या लागतील, मीनाताई रंग सांगा. योगेश, तुमची मोठी गाडी हवी, ५ फुटांचं ताट माझ्या गाडीत आडवं मावत नाही. खडे कोणाकडे असतील तर कळवा, पाच डबे भरायला साधारण ६ किलो.

प्रेषक: मीनाताई

तांबडी. काळपट कणसं स्टेजच्या दिव्यांत दिसत नाहीत.

प्रेषक: योगेश

गाडी आणतो. खडे माझ्याकडे ४ किलो आहेत.