बोलण्यात अडचण असलेल्या साक्षीदाराचा जबाब कसा घेतला जावा?

प्रश्न

माझ्या मोठ्या भावाला पक्षाघातानंतर अफेझिया, म्हणजे वाचाघात झाला आहे. सावकाश बोलल्यास समोरच्याचे म्हणणे त्याला बहुतांशी कळते आणि व्यवहारही नीट उमगतात. परंतु नेमका शब्द तोंडावर येत नाही, आणि घाई केली की 'हो' म्हणायचे असताना 'नाही' निघून जाते. त्याच्या डोळ्यांदेखत घडलेल्या मारहाणीबद्दल त्याचा जबाब घेताना अधिकाऱ्यांनी प्रश्नामागून प्रश्न विचारले, तो अडखळला की उत्तरासाठी माझ्याकडे पाहिले, आणि अखेरीस 'साक्षीदार सुसंगत उत्तरे देऊ शकत नाही' असा शेरा मारून कागद मिटले. प्रसंग त्याने पाहिला होता, मी नव्हे. आता प्रकरण न्यायालयात उभे राहील. त्याची साक्ष ग्राह्य धरली जाईल का, आणि त्याच्यासाठी आम्ही कोणती सोय मागू शकतो?

प्रतिसाद : वकील

साक्ष ग्राह्य धरता येते, आणि तो शेरा अंतिम नाही. साक्षीदार सक्षम आहे की नाही हे न्यायालय ठरवते, जबाब लिहून घेणारा अधिकारी नव्हे. आणि त्याची कसोटी प्रश्न समजणे व समजेल असे उत्तर देणे एवढीच असते, अस्खलित बोलणे ही नव्हे. संयुक्त राष्ट्रांनी २००६ मध्ये स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारातील कलम १३ तर तपासाच्या टप्प्यापासूनच न्यायप्रक्रियेत आवश्यक ते फेरबदल करण्याची जबाबदारी राज्यसंस्थेवर टाकते. म्हणजे पहिला जबाबही त्यात आला.

देशोदेशीचे कायदे वेगळे आहेत. भारतात २०१३ च्या दुरुस्तीपासून बोलून सांगू न शकणाऱ्या साक्षीदारासाठी दुभाषी किंवा विशेष शिक्षकाची मदत घेणे आणि त्या जबाबाचे चित्रीकरण करणे न्यायालयावर बंधनकारक आहे. भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ मध्येही ही तरतूद कायम आहे. लेखनाने वा खुणांनी दिलेली साक्ष तोंडी साक्षच मानली जाते. इंग्लंड व वेल्समध्ये १९९९ च्या कायद्याने साक्षीदारासाठी संवाद-मध्यस्थ नेमण्याची सोय केली, आणि तेथे उलटतपासणीत कोणत्या प्रकारचे प्रश्न चालतील हे न्यायाधीश सुनावणीपूर्वीच ठरवून देऊ शकतात. ही पूर्वबैठक मला सर्वांत मोलाची वाटते, कारण साक्षीदार एकदा गोंधळल्यावर हरकत घेऊन फारसे काही हाती लागत नाही.

आपण सुनावणीपूर्वी लेखी अर्ज करावा. सोबत वाक्‌-भाषा उपचारतज्ज्ञांचा अहवाल जोडावा, मात्र आजार किती गंभीर आहे यापेक्षा 'कसे विचारले असता ही व्यक्ती भरवशाचे उत्तर देते' हे त्यात लिहिलेले असू द्यावे.

प्रतिसाद : वाक्‌-भाषा उपचारतज्ज्ञ

वरील शेवटचे वाक्य मी अधोरेखित करीन. वाचाघातात भाषेवरची पकड सुटते, प्रसंगाची स्मृती आणि समज मात्र शाबूत असू शकते, आणि नेमके हेच बाहेरच्यांना पटत नाही.

हा प्रश्न पाहा : 'तुम्ही त्या वेळी फाटकापाशी नव्हता, आणि असला तरी अंधारात तुम्हाला चेहरा दिसला नसेल, हे खरे नाही का?' यात तीन नकार आहेत, दोन वेगळी विधाने आहेत आणि शेवटी संमतीचा आग्रह आहे. कोणत्याही साक्षीदाराने यावर 'हो' म्हटले तर त्यातून काय सिद्ध झाले, हे सांगणे कठीण. वाचाघात झालेल्या व्यक्तीच्या बाबतीत तर ते अशक्यच. तोच मजकूर 'तुम्ही कुठे उभे होता?' असा विचारावा, पुढ्यात जागेचा साधा आराखडा ठेवावा, आणि त्यांनी बोट ठेवेपर्यंत खरोखर थांबावे. मग 'चेहरा दिसला का?' हा वेगळा प्रश्न. चित्रांची किंवा शब्दांची कार्डे वापरणार असाल तर त्यांत 'माहीत नाही' आणि 'यांपैकी काहीच नाही' ही कार्डे हवीतच, अन्यथा कार्डांतूनच उत्तर सुचवले जाते. 'हो' आणि 'नाही' यांची गल्लत होते हे आपण सांगितलेच आहे. म्हणून महत्त्वाचे उत्तर थोड्या वेळाने वेगळ्या मांडणीत पुन्हा पडताळावे, आणि हा पडताळा नोंदीत यावा. थकव्याने भाषा आणखी ढासळते, म्हणून साक्ष त्यांच्या ताज्या वेळी आणि विश्रांती देत घ्यावी.

प्रतिसाद : खुणांच्या भाषेचा दुभाषी

एका धोक्याविषयी स्पष्ट लिहितो. मदतनीस उत्तर पोहोचवतो की घडवतो, हे प्रत्येक वेळी तपासले पाहिजे. हात धरून अक्षरे दाखवण्याची 'फॅसिलिटेटेड कम्युनिकेशन' ही पद्धत १९९० च्या दशकात गाजली. नियंत्रित चाचण्यांत मात्र शब्द हात धरणाऱ्याचेच असल्याचे वारंवार दिसले, आणि त्यातून निघालेल्या खोट्या आरोपांनी कुटुंबे पोळली. स्वतःच्या बोटाने, नजरेने वा यंत्राने स्वतंत्रपणे केलेला संवाद याहून सर्वस्वी वेगळा आहे. न्यायालयांना हा फरक माहीत असावा, नाहीतर एका फसलेल्या पद्धतीमुळे सगळ्यांवरच अविश्वास दाखवला जातो.

दुसरे असे की आपण साक्षीदाराविषयीच बोलत आहोत, पण हीच अडचण आरोपीलाही असते. इंग्लंडच्या १९९९ च्या त्या कायद्याने मध्यस्थाच्या कलमातून आरोपीला वगळले होते. गुन्ह्यांत अडकलेल्या किशोरवयीन मुलांमध्ये भाषाविकासाची अडचण इतर मुलांच्या तुलनेत खूपच अधिक आढळते, असे अनेक देशांतील अभ्यास सांगतात. अशा मुलाचे त्रोटक उत्तर उर्मटपणा म्हणून आणि गप्प राहणे कबुली म्हणून वाचले जाते, हे मला फार अन्यायाचे वाटते.

प्रश्नकर्ता

आपणा सर्वांचा आभारी आहे. त्याचे तुटक बोलणे घरात सर्वांत जास्त मला कळते. तर मीच त्याचा मध्यस्थ म्हणून उभा राहू शकेन का?

प्रतिसाद : वकील

ते टाळावे. आपल्यावर पक्षपाताचा आक्षेप पहिल्याच मिनिटाला येईल आणि त्याची खरी साक्षही डागाळेल. न्यायालयाने परवानगी दिल्यास आपण त्याच्याजवळ, त्याला धीर देण्यापुरते बसू शकता. मात्र प्रश्न चालू असताना बोलू नये, मान हलवू नये. आपल्याला त्याच्या ज्या खुणा आणि सवयी ठाऊक आहेत त्या आताच उपचारतज्ज्ञांना लिहून द्या, म्हणजे त्या अहवालात येतील.