गेमिफिकेशनला मराठीत काय म्हणाल? खेळीकरण, क्रीडीकरण की अजून काही

गोळ्या घ्यायची आठवण करून देणाऱ्या एका ॲपचं मराठीकरण करतेय, त्याच्या मदतीच्या पानावर 'गेमिफिकेशन' आलंय आणि तिथेच अडकलेय. अर्थ माहीतच असेल, जे मुळात खेळ नाही त्यात खेळातल्या गोष्टी घालायच्या, पॉइंट, बिल्ले, लेव्हल, क्रमवारी, म्हणजे माणूस परत परत येत राहतो. फोरस्क्वेअर या, आपण कुठे आहोत ते नोंदवायच्या ॲपवर एका जागी सगळ्यांत जास्त वेळा हजेरी लावली की तुम्ही तिथले मेयर व्हायचात. आणि आपल्याकडचं म्हणाल तर २०१९च्या दिवाळीतले गूगल पेचे स्टॅम्प आठवा, पाच वेगवेगळे जमले की २५१ रुपये, आणि ती रांगोळी काही केल्या मिळायची नाही, जिकडेतिकडे एकच प्रश्न, कुणाकडे जास्तीची रांगोळी आहे का.

'खेळीकरण' सुचलं होतं पण खेळी म्हटलं की फलंदाजाची नाहीतर राजकारण्याची. 'क्रीडीकरण' व्याकरणात बसतं पण डोळ्यासमोर क्रीडासंकुल येतं. काय लिहू?

———

खेळीकरणच ठेवा, वापरून रुळेल. मूळ शब्द तरी कुठे जुना आहे, निक पेलिंग या ब्रिटिश प्रोग्रामरने तो २००२च्या आसपास काढला आणि २०१०च्या सुमारास सगळ्यांच्या तोंडी आला. बाकी कल्पना आपल्याला नवी नाही, मोक्षपट, म्हणजे सापशिडीचं जुनं रूप, हेच तर होतं, परंपरेने ज्ञानेश्वरांशी जोडतात तो.

———

मोक्षपट यात बसत नाही असं मला वाटतं. तो अख्खा खेळच आहे, कवड्या टाकून खेळायचा, शिकवण त्याच्या आत. गेमिफिकेशनमध्ये खेळ नसतोच, पैसे पाठवणं किंवा गोळी घेणं तेच राहतं, वरून खेळाचे तुकडे चिकटवलेले असतात.

पण मोक्षपटावरून विचार करताना एक साधा शब्द सापडला, खेळवणं. बाळाला खेळवतात, आणि काम न करता नुसतं 'उद्या या, परवा या' करणाऱ्याबद्दलही आपण म्हणतोच की, महिनाभर खेळवतोय मला. दोन्ही अर्थ इथे लागतात! शिवाय '-करण'वाल्या शब्दात कोण कुणाला काय करतंय ते दिसतच नाही, खेळवणं म्हटलं की खेळवणारा लागतो आणि जो खेळवला जातोय तोही लागतो. यूजर खेळत नाहीये, ॲप त्याला खेळवतंय. स्क्रॅच कार्डचंच बघा, कधी पैसे, कधी 'बेटर लक नेक्स्ट टाइम', कधी काय निघेल सांगता येत नाही म्हणूनच हात परत तिकडे जातो. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर हेच दाखवलं होतं, दाणा केव्हा पडेल ते ठरलेलं नसलं की कबुतर टोचत राहतं.

———

खेळवणं पटलं. मग स्ट्रीकला, म्हणजे न चुकता सलग किती दिवस झाले त्या आकड्याला, 'नेम' म्हणता येईल का? डुओलिंगोवर, त्या भाषा शिकायच्या ॲपवर, रोजचा धडा चुकवायचा नाही, हा नेमच झाला.

———

नेम मलाही आवडला होता, पण आपला नेम माणूस स्वतः धरतो, आणि व्रताला शेवट असतो, सोळा सोमवार झाले की सतराव्याला उद्यापन करून मोकळं व्हायचं. स्ट्रीकला उद्यापनच नाही! ४०० दिवस झाले तरी ४०१वा आहेच, आणि एक दिवस चुकणार असेल तर आधीच जेम्स, म्हणजे ॲपमधलीच नाणी, देऊन स्ट्रीक फ्रीझ घेऊन ठेवायचा, की चुकलेल्या दिवशीही आकडा तुटत नाही. म्हणून 'सलग दिवस' एवढंच लिहिलं.

त्या ॲपमध्ये गोळी चुकली की 'तुमची स्ट्रीक तुटली' असं येतं. माझ्या आईला ट्रायलला दिलं तर ती दिवसभर खट्टू, आणि दुसऱ्या दिवशी गोळी घ्यायच्या आधीच 'घेतली'वर टिक करून मोकळी, आकडा शाबूत राहावा म्हणून. औषधाच्या बाबतीत हे भयंकर आहे. तिथे 'कालची गोळी राहिली, डॉक्टरांना विचारा' असं लिहून पाठवलंय आणि तुटण्याचं वाक्यच काढून टाका म्हणून कळवलंय, मदतीच्या पानावर मात्र 'बिल्ले आणि गुण', खेळवणं ते छापणार नाहीत.