लू द योंग फक्त निवेदक नव्हते

रेडिओ ओरान्ये म्हणजे दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या ताब्यातल्या नेदरलँड्ससाठी लंडनहून चालणारं डच रेडिओ प्रसारण. 'ते म्हणजे डच राणीची भाषणं' असं कुणी म्हणतं, त्यात थोडी भर. २८ जुलै १९४० ला लंडनहून पहिलं भाषण राणी विल्हेल्मिनांचंच झालं, हे खरं. पण पुढे रोजची ती पंधरा मिनिटं उभी करणाऱ्यांत लू द योंग होते. ॲमस्टरडॅमचा ज्यू पत्रकार, वय जेमतेम २६. मे १९४० मध्ये बायकोला घेऊन बोटीनं निसटले. आईवडील आणि जुळा भाऊ मागे राहिले, ते नाझींच्या हाती गेले आणि परत आले नाहीत. आपली माणसं तिकडे अडकलेली असताना त्याच देशासाठी रोज बातम्या लिहायच्या, याचा विचार करूनच गलबलतं.

१९४३ मध्ये जर्मनांनी रेडिओ जप्त केले. डायरी लिहिणारी ज्यू मुलगी ॲन फ्रँक ॲमस्टरडॅममध्ये जिथे लपली होती, तिथला मोठा फिलिप्स रेडिओही द्यावा लागला, त्याच्या जागी चोरून ठेवलेला छोटा संच आला. मार्च १९४४ मध्ये लंडनमध्ये आसरा घेतलेल्या डच सरकारचे मंत्री बोल्केस्टाइन यांनी तिथून रेडिओवर रोजनिशा जपायचं आवाहन केलं; ते ऐकून ॲननं दुसऱ्याच दिवशी डायरीत नोंद केली.

युद्धानंतर द योंग यांनी नेदरलँड्सचा युद्धकाळाचा इतिहास अनेक भागांत लिहिला.