सैन्यातला डॉक्टर म्हणजे फक्त गोळ्या काढणारा?

वरच्या प्रतिसादात कुणीतरी "लष्करी सर्जन म्हणजे गोळ्या काढणार, पाय कापणार, संपलं" असं म्हटलंय. त्यात भर घालतो. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात (१८९९-१९०२) ब्रिटिशांची लढाईत मेली त्याहून जास्त माणसं रोगराईनं मेली, त्यात दूषित पाण्यातून पसरणारा विषमज्वर (टायफॉइड) आघाडीवर. म्हणून आरोग्यशास्त्र हाच विषय धरून बसलेले लष्करी डॉक्टर होते. विल्यम हॉरॉक्स (१८५९-१९४१) त्यांतला एक. हिंदुस्थानात नोकरी केलेला. मुलगा ब्रायन (हो, दुसऱ्या महायुद्धातला तो जनरल) रानीखेतचा जन्म.

मुंबईत एमबीबीएस करताना पीएसएमच्या (रोगप्रतिबंध आणि सामाजिक आरोग्य हा विषय) व्हायव्हाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, त्याचीच पेटी समोर यायची: पाणी निर्जंतुक करायला किती ब्लीचिंग पावडर लागेल ते ठरवणारी हॉरॉक्सची पेटी. सहा पांढरे कप, एक काळा. काळ्यात दोन ग्रॅमचा सपाट चमचा ब्लीचिंग पावडर पाण्यात कालवायची, वरची निवळी वापरायची. पांढऱ्या कपांत तपासायचं पाणी, त्यात क्रमानं त्या निवळीचे एक, दोन, तीन असे थेंब. अर्धा तास थांबून स्टार्च-आयोडाइड घालायचं; क्लोरीन शिल्लक असेल तर पाणी निळं होतं. पहिला स्पष्ट निळा कप तिसरा असेल तर ४५५ लिटर पाण्याला तीन चमचे पावडर, म्हणजे सहा ग्रॅम. हा ४५५ आकडा घोकून जीव जायचा, आणि तो निव्वळ १०० गॅलन आहे हे कुणी सांगायचं नाही!

२००५ च्या पुरानंतर आमच्या कुर्ल्याच्या सोसायटीत टाकीवर हीच पेटी उघडली. सेक्रेटरी म्हणाले, "डॉक्टर, भातुकली मांडलीय का?" चौथा कप निळा झाला तेव्हा मात्र स्वतः वाकून बघत होते.