मदत हवी आहे: पेशंट खुर्चीवरच कोसळला तर? डेंटल इंटर्नना सराव कुठे मिळेल? (ठाणे / नवी मुंबई)

नमस्कार मंडळी,

बीडीएसची चार वर्षं झाली, इंटर्नशिप चालू आहे. कॉलेज नवी मुंबईत, घर ठाण्यात. आमच्या बॅचमधल्या काही जणांना मेडिकल इमर्जन्सीचा प्रत्यक्ष सराव हवा आहे. लेक्चर नकोय, ती भरपूर झाली.

थिअरी विचाराल तर घडाघडा सांगू. भोवळ आली की खुर्ची आडवी, पाय वर. साखर उतरली तर ग्लुकोज, पण शुद्ध नसेल तर तोंडात काहीच घालायचं नाही. छातीत दुखलं तर बीपी बघून सॉर्बिट्रेटची (हृदयाच्या रक्तवाहिन्या रुंदावणारी) गोळी जिभेखाली. अ‍ॅनाफिलॅक्सिसला (जिवावर बेतणाऱ्या अ‍ॅलर्जीला) मोठ्या माणसाला अ‍ॅड्रेनलिन ०.५ मिलिग्रॅम, मांडीच्या बाहेरच्या बाजूला, स्नायूत. व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) यावर मार्क मिळतात. काचेची अ‍ॅम्प्युल फोडून त्यातलं अर्धा मिली सिरिंजमध्ये ओढायचं मात्र आमच्यातल्या एकानेही कधी केलेलं नाही.

परवा शेजारच्या खुर्चीवर एक काका दाढ काढायला आले होते. सकाळी इन्सुलिन घेतलं, पण 'दात काढायचाय' म्हणून उपाशीच आले. घामाने शर्ट भिजला, बोलणं असंबद्ध व्हायला लागलं. आम्ही सगळे 'सर, सर' करत कॉरिडॉरकडे धावलो. इमर्जन्सी ट्रे कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली जेवायला गेलेल्या सिस्टरांच्या खिशात! शेवटी मावशींनी स्वतःच्या डब्याशेजारची साखर पाण्यात ढवळून पाजली. काका दहा-पंधरा मिनिटांत ताळ्यावर आले, वर 'मग काढताय ना दाढ?' म्हणून विचारलं.

तर ठाणे, ऐरोली, वाशी, नेरूळ या पट्ट्यात रविवारी असं कुणी शिकवतं का? आणि कॉलेजात मॉक ड्रिल सुरू करायला एचओडींना (विभागप्रमुखांना) कसं पटवायचं? आगाऊपणा वाटता कामा नये.

प्रतिसाद १ (घोडबंदर रोडला क्लिनिक आहे)
बीएलएस (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे छातीवर दाब देऊन जीव वाचवण्याचा) कोर्स कराच. सर्टिफिकेट दोन वर्षं चालतं, हात त्याच्या कितीतरी आधी विसरतो. शिवाय तिथला मॅनिकिन (सरावाचा पुतळा) जमिनीवर असतो, आपला पेशंट खुर्चीत. म्हणून क्लिनिकमध्ये वेगळा सराव हवा: तोंडातला कापूस काढा, खुर्ची पूर्ण आडवी करा, डोक्याकडच्या बाजूला खाली स्टूल सरकवा, नाहीतर दाब दिला की खुर्चीच हलते. मिनिटाला १०० ते १२० दाब, खोली ५ ते ६ सेंटीमीटर. १०८ ला फोन कोण करणार ते आधीच नावानिशी ठरवा. 'कुणीतरी फोन लावा रे' म्हटलं की कुणीच लावत नाही. आमच्याकडे संध्याकाळचा ट्रॅफिक तुम्हाला माहीत आहे, अँब्युलन्स येईपर्यंत सगळं आपल्यालाच करायचंय.

प्रतिसाद २ (भूलतज्ज्ञ, नवी मुंबई)
मुदत संपलेल्या अ‍ॅड्रेनलिनच्या अ‍ॅम्प्युल स्टोअरमधून मागून घ्या, त्यांवर लाल पेनने 'सराव' लिहा आणि ट्रेपासून लांब ठेवा. मानेवरचा ठिपका स्वतःकडे, गॉजमध्ये धरून मान मागे मोडायची. दोन-चार फोडल्या की बोटांची भीती जाते. लिग्नोकेनची (दात बधिर करायच्या इंजेक्शनची) खरी अ‍ॅलर्जी फार क्वचित दिसते. तुम्हाला दिसणार ती मुख्यतः भोवळ आणि हायपो (साखर उतरणं), त्यामुळे ग्लुकोमीटर ट्रेमध्ये असलाच पाहिजे.
एचओडींकडे ड्रिल मागू नका. आधी ट्रेची यादी, मुदतीच्या तारखा आणि ऑक्सिजन सिलिंडरची चावी कुठे आहे, हे एका कागदावर लिहून न्या. पुढचं ते स्वतःच बोलतील.

धागाकर्ती
दोघांचेही आभार सर. यादी उद्याच करते. सिलिंडरची चावी आत्ताच ग्रुपवर विचारली, तीन जणांनी तीन वेगळ्या जागा सांगितल्या. बीएलएससाठी ठाण्यातली ओळखीची जागा असेल तर व्यनि करा, प्लीज.