मदत हवी आहे: सात आठवड्यांच्या बाळाची कावीळ उतरत नाही, कासाई ऑपरेशनचे अनुभव हवेत

माझी भाची सात आठवड्यांची आहे. बहीण बाळंतपणाला भांडुपला आमच्याकडेच आली. बाळ पूर्ण दिवसांचं, अंगावर छान पितं. तिसऱ्या दिवशी कावीळ दिसली तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही, बहुतेक बाळांना होतेच. पण ती उतरलीच नाही. ‘कोवळ्या उन्हात धरा, जाईल’ असं दवाखान्यातही सांगितलं आणि शेजारीपाजारीही. त्यात महिना गेला.

दीड महिन्याच्या लशींना नेलं तेव्हा तिथल्या डॉक्टरबाईंनी आधी विचारलं, शीचा रंग कसा आहे? मी मोबाइलमधले लंगोटाचे फोटो दाखवले. ओल्या शाडूसारखी शी, हिरव्या-पिवळ्याचा मागमूस नाही. शू मात्र गडद पिवळी, दुपट्यांवरचे डाग धुऊनही जात नाहीत. बाईंनी त्याच दिवशी रक्त तपासायला पाठवलं. एकूण बिलिरुबिन (काविळीचं पिवळं द्रव्य) ९.८, त्यात डायरेक्ट, म्हणजे पित्त अडलं की वाढणारा भाग, ६.९. जीजीटी (यकृत-पित्तनलिकांची रक्ततपासणी) सहाशेच्या वर. चार तास उपाशी ठेवून सोनोग्राफी झाली, त्यात पित्ताशय जेमतेम दिसतंय.

आता परळला लहान मुलांच्या सर्जनना दाखवलं. ते म्हणतात, बिलियरी अ‍ॅट्रेशियाचा दाट संशय आहे. यकृताबाहेरच्या पित्तनलिका बुजलेल्या असतात, पित्त आतड्यात उतरत नाही, साचून यकृतच खराब होत जातं. ऑपरेशन टेबलवरच पित्ताशयात डाय (एक्स-रेत दिसणारं द्रव्य) घालून एक्स-रे काढायचा, वाट बंद निघाली तर त्याच भुलीत कासाई, म्हणजे पित्ताला आतड्यात नवी वाट करून देणारं ऑपरेशन. आणि हे दोन महिन्यांच्या आत झालेलं बरं, म्हणजे आमच्या हातात फार दिवस नाहीत.

घरात एकमत नाही. भाऊजींना आधी हायडा स्कॅन (पित्त आतड्यात उतरतं का ते दाखवणारा) हवा आहे, त्यासाठी पाच दिवस औषध द्यावं लागतं. त्यांच्या आई गावाकडून काविळीचं झाडपाल्याचं औषध आणते म्हणतात. त्यांचा जीव तुटतो आहे हे कळतं, पण एवढ्याशा यकृतावर आणखी कसला भार नको असं मला ठामपणे वाटतं. बहीण तर नुसती रडते.

कुणाच्या बाळाचं हे ऑपरेशन मुंबईत झालंय का? स्कॅनसाठी थांबावं का? नंतर घरी काय सांभाळायचं? आणि खर्चाचं कसं जमवलंत?

प्रतिसाद

ताई, मी बालरोगतज्ज्ञ आहे. बाळ न तपासता निदान करणार नाही, पण स्कॅनबद्दल सांगते. हायडात द्रव्य आतड्यात उतरलेलं दिसलं तर अ‍ॅट्रेशिया नाही, हे कळतं. उतरलं नाही तर मात्र ते दुसऱ्या आजारानेही असू शकतं, म्हणजे प्रश्न तिथेच राहतो. पांढरी शी, एवढं डायरेक्ट बिलिरुबिन आणि अशी सोनोग्राफी असताना सर्जन थेट टेबलवरच्या एक्स-रेकडे जात असतील तर ते बरोबर आहे. डाय आतड्यात गेला तर पोट बंद करून बाहेर येतात. भाऊजींना हे सर्जनकडूनच ऐकू द्या. व्हिटॅमिन ‘के’चं इंजेक्शन आणि आयएनआर (रक्त गोठण्याची तपासणी) झालं का तेही विचारा, पित्त अडलं की रक्त गोठायला वेळ लागतो. झाडपाला नकोच. आणि हे सगळ्यांसाठी: कावीळ दोन आठवड्यांपुढे टिकली तर डायरेक्ट बिलिरुबिन तपासलंच पाहिजे, बाळ कितीही गुटगुटीत असो.

प्रतिसाद

माझ्या मुलाचं झालंय, आता तो शाळेत जातो. निकामी नलिका काढून आतड्याचा तुकडा थेट यकृताच्या तोंडाशी जोडतात. नंतर आम्ही रोज शीचा रंगच बघायचो. हिरवट शी दिसली त्या दिवशी आम्ही दोघं वॉर्डात रडलो. घरी आल्यावर सगळ्यात मोठी धास्ती तापाची. ताप आला, शी पुन्हा फिकी झाली, तर रात्र असो की रविवार, थेट हॉस्पिटल गाठायचं. पित्तमार्गात इन्फेक्शन होतं, शिरेतून अँटिबायोटिक लागतात. ए, डी, ई, के ही व्हिटॅमिन आणि एमसीटी तेल (पित्त कमी असलं तरी पचणारं) बरेच महिने चालू होतं.

खरं सांगतो, प्रत्येक बाळाला गुण येतोच असं नाही. आमच्या शेजारच्या खाटेवरच्या बाळाला पुढे लिव्हर ट्रान्सप्लांट लागलं, आईने यकृताचा भाग दिला. पण वेळेत कासाई झालं तर निदान बाळाला वाढायला अवधी मिळतो.

पैशांसाठी रेशन कार्ड आणि आधार घेऊन आजच हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला भेटा, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत बसतं का ते विचारा. समाजसेवा विभागातही जा, ते ट्रस्टचे अर्ज भरून देतात.

मूळ लेखिका

दोघांचे मनापासून आभार. भाऊजींना तुमचे प्रतिसाद वाचून दाखवले, सर्जनशीही बोलणं झालं, ते तयार झाले. व्हिटॅमिन ‘के’ दिलंय, आयएनआर उद्या. परवा दाखल करतोय. दादा, तुमच्या घरच्यांशी बहिणीचं फोनवर बोलणं होईल का? ऑपरेशननंतर अंगावर पाजायला कधी देतात हे तिला एका आईकडून ऐकायचंय.